दातांच्या डॉक्टरकडे जायची भीती वाटते? मग ‘सिडेशन’चे हे पर्याय माहीत हवेत

दाढ ठणकायला लागली की आधी लवंगेच्या तेलाचा बोळा, मग वेदनाशामक गोळी आणि शेवटी ‘पुढच्या आठवड्यात बघू’. यामागे दरवेळी आळसच असतो असं नाही. अनेकांना सुईची, ड्रिलच्या आवाजाची किंवा लहानपणीच्या वाईट अनुभवाची भीती असते. तोवर कीड मात्र खोल जाते. जिथे साधं फिलिंग पुरलं असतं, तिथे रूट कॅनल करावं लागतं किंवा दातच काढावा लागतो.

ही भीती कमी करण्यासाठी जे औषध दिलं जातं, त्याला सिडेशन म्हणतात.

बधिर करायचं इंजेक्शन म्हणजेच सिडेशन का?

नाही. हिरडीत दिलेलं लिग्नोकेनचं इंजेक्शन तेवढाच भाग बधिर करतं. दुखणं थांबतं, भीती तशीच राहते. सिडेशन मेंदूवर काम करतं आणि रुग्ण शांत होतो. ते वेदना पूर्ण थांबवत नाही, म्हणून बधिर करायचं इंजेक्शन सहसा लागतंच. फक्त त्याची धास्ती उरत नाही.

पर्याय कोणते आहेत?

लाफिंग गॅस: नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन नाकावरच्या मास्कमधून देतात. रुग्ण जागा असतो, बोलू शकतो. शेवटी नुसता ऑक्सिजन दिला की काही मिनिटांत असर उतरतो. मुलांनाही हा गॅस देता येतो. नाक चोंदलेलं असेल किंवा गरोदरपणाचे पहिले तीन महिने असतील तर तो टाळतात. अमेरिकन दंतवैद्य होरेस वेल्स यांनी १८४४ मध्ये हाच गॅस घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली होती.

गोळी: डायझेपामसारखं औषध उपचाराआधी देतात. गुंगी बराच वेळ राहते, त्यामुळे सोबत कुणीतरी हवं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

शिरेतून औषध: यात बहुतेकदा मिडाझोलाम वापरतात. असर लवकर होतो आणि नंतर अनेकांना उपचारातलं फारसं आठवत नाही.

पूर्ण भूल: यात रुग्ण बेशुद्ध असतो. मोठी शस्त्रक्रिया असेल किंवा रुग्ण अगदी लहान मूल असेल, तर हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ती दिली जाते.

धोका कशात आहे?

औषध प्रमाणाबाहेर गेलं तर श्वास मंदावतो. म्हणूनच घरात पडून असलेली झोपेची गोळी ‘जरा धीर येईल’ म्हणून परस्पर घेऊन जाणं धोक्याचं आहे. त्यावर दारू घेतली असेल तर धोका आणखी वाढतो. घोरण्याचा किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, दमा, हृदयविकार, गरोदरपण आणि चालू असलेली औषधं, हे सगळं डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

आधी काय विचारायचं?

- सिडेशन कोण देणार, त्याचं प्रशिक्षण आहे का?
- उपचार सुरू असताना श्वास, नाडी आणि ऑक्सिजनवर कोण लक्ष ठेवणार?
- तातडीची वेळ आली तर ऑक्सिजन आणि औषधं तिथे आहेत का?
- किती तास उपाशी राहायचं?
- वेगळा खर्च किती?

प्रत्येकाला औषध लागेलच असंही नाही. ‘मी हात वर केला की थांबा’ एवढं आधी ठरवून घेतलं तरी काहींची भीती बरीच कमी होते. त्यासाठी पहिल्याच भेटीत एक वाक्य बोलायला हवं: ‘डॉक्टर, मला भीती वाटते.’