हुंडीने सोडलं, मस्टरने धरलं

मोंढ्यात अडतीवर बसलेल्या माणसाची कागद वाचायची एक रीत असते. आधी तारीख, मग सही, मग मुदत, आकडा शेवटी. देगलूरला बसून न्यूरेंबर्ग खटल्याचे छापील पुरावे मी याच रीतीने वाचले. जर्मनीच्या अर्थकारणाच्या जप्त कागदांवर ‘ईसी’ ही अक्षरं आणि पुढे क्रमांक असतो. तिथूनच सुरुवात केली.

सगळ्यात आधी खिळवून ठेवलं ते खटल्यातला एक आरोपी ह्याल्मार शाख्त याच्या हुंड्यांनी. ‘मेफो’ नावाची कंपनी, भांडवल 10 लाख मार्क, कारभार कागदावरच. कारखानदाराने सरकारला तोफा द्यायच्या, पैशासाठी हुंडी मात्र मेफोवर काढायची. ती वटवायला शाख्त अध्यक्ष असलेली राइशबँक, म्हणजे जर्मनीची मध्यवर्ती बँक, मागे उभी. मुदत भरली की पुढे ढकलायची. 1938 पर्यंत अशा 12 अब्ज मार्कांच्या हुंड्या निघाल्या आणि सरकारच्या उघड हिशेबात त्यांचा पत्ता नाही. कुठलाही मुनीम विचारील, की बाबा, माल कुणी उचलला आणि कशासाठी?

फिर्यादी पक्षानेही तेच विचारलं. कोर्ट म्हणालं, शस्त्रं जमवणं हा काही गुन्हा नाही. आक्रमणासाठीच जमवतोय हे शाख्तला ठाऊक होतं, ते दाखवा. तेवढं शंकेपलीकडे दाखवता आलं नाही. 1 ऑक्टोबर 1946 ला तो सुटला. सोव्हिएत न्यायाधीशाने विरोध नोंदवला. माझाही कौल त्याच्याच बाजूने.

न्यूरेंबर्गच्याच नंतरच्या एका खटल्यात तोफा बनवणारा कारखानदार आल्फ्रीड क्रुपही आक्रमणाच्या आरोपातून सुटला. त्याला धरलं ते लुटीने आणि मस्टरने. युद्धकैदी, परमुलखातून उचललेले मजूर, छळछावणीतली माणसं कारखान्यात राबवल्याचे कागद होते. 31 जुलै 1948 ला 12 वर्षांची शिक्षा आणि मालमत्ता जप्त. 1951 मध्ये तो बाहेर आला आणि मालमत्ताही परत मिळाली, हे वेगळं.

क्रुपच्या निकालानंतर दीड महिन्यात, 13 सप्टेंबर 1948 ला, भारतीय फौजा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात शिरल्या. देगलूर त्याच राज्यातलं. इथल्या युद्धतयारीचाही हिशेब होताच. निजामाने पाकिस्तानला दिलेले 20 कोटींचे रोखे, कराचीहून शस्त्रं आणणारी सिडनी कॉटनची विमानं. कॉटनला ब्रिटनमध्ये दंड झाला, फक्त 200 पौंड. लातूरला वकिली केलेला, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा पुढारी कासिम रझवी याला सात वर्षं सक्तमजुरी झाली, ती बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात. 1953 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. बंदुका कुणाच्या पैशातून आल्या, हा त्या खटल्याचा प्रश्नच नव्हता.

देगलूर, बिलोली, मुखेडकडे जुन्या पेट्यांत 1947-48 च्या वह्या, पावत्या, लेव्हीचे कागद असतील, तर रद्दीत घालू नका. मोडी किंवा उर्दू वाचणारा माणूस गाठा, आणि त्याला आधी तारखा वाचायला सांगा.