हायब्रीड मोटार आणि आंबेनळीचा हिशेब

होंडा कंपनीने जून २००८ मध्ये सिव्हिक हायब्रीड आणि टोयोटाने २०१० साली प्रियस हिंदुस्थानच्या बाजारात उतरवली. दोन्ही मोटारी परदेशातून तयार येत असल्यामुळे जकातीच्या भाराने त्यांच्या किमती वीस लाखांच्या वर गेल्या. पुढे सिव्हिकची किंमत बरीच उतरवावी लागली, तरी कोकणच्या मुलखात या मोटारी अपवादानेच आल्या; त्यांच्याविषयीच्या आख्यायिका मात्र बिनजकात आल्या आणि अजून महाड-पोलादपूरकडे सुखाने नांदत आहेत. आज तशी एखादी जुनी मोटार कमी किमतीत हाती येण्याजोगी असताना घेणाऱ्याने त्या आख्यायिकांची झडती घेतलेली बरी.

‘चार्जिंगला कुठे लावता?’ ही पहिली पृच्छा. कुठेच नाही. या मोटारींना भिंतीतल्या विजेसाठी तोंडच नाही. त्यांच्या बॅटरीत येणारी वीज एक तर पेट्रोलच्या इंजिनाने निर्माण केलेली असते किंवा वेग कमी करताना चाकांकडून परत मिळवलेली असते. आणि तो वेगही मुळात पेट्रोलनेच दिलेला असल्यामुळे हायब्रीड मोटार स्वतःची म्हणून कोणतीही शक्ती उत्पन्न करीत नाही, तर एरवी ब्रेकच्या उष्णतेत आणि उभ्या इंजिनाच्या धुगधुगीत वाया जाणाऱ्या शक्तीपैकी काही भाग वसूल करते. तेव्हा जिथे मुळात नासाडीच कमी, तिथे वसुलीही कमीच व्हायची.

याच ठिकाणी आपल्याकडचा सर्वांत लाडका गैरसमज जन्मास येतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपुरास येईपर्यंत बॅटरी इतकी भरते की पुढचे महाड फुकटात गाठता येते, असे सांगणारे भेटतात, आणि ऐकणाऱ्यालाही ते पटते, कारण उतार डोळ्यांना दिसतो आणि बॅटरीचा आकार दिसत नाही. हिशेब मांडून पाहू. माणसांसह पंधराशे किलोची मोटार बाराशे मीटर खाली येते तेव्हा तिच्यातून सुटणारी शक्ती महावितरणच्या भाषेत सुमारे पाच युनिट भरते. त्यातली बरीचशी टायरांच्या व हवेच्या विरोधात आणि यंत्रातल्या घटीत जाते हे मान्य केले, तरी उरलेली ठेवायची कुठे हा प्रश्न राहतोच. कारण प्रियसची बॅटरी सगळी मिळून १.३ युनिटांची, सिव्हिकची तर एका युनिटाच्याही आत, आणि बॅटरीचे आयुष्य जपण्यासाठी यंत्रणा तिला पूर्ण भरू देत नाही की पूर्ण रिकामी होऊ देत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष उलाढाल जेमतेम अर्ध्या युनिटाची. एवढी वीज इंजिनाकडून मिळवायची तर पाव लिटराहूनही कमी पेट्रोल लागते. फुकट मिळते ते इतकेच.

बॅटरी घाट संपण्याच्या पुष्कळ आधी तुडुंब होते, आणि मग नवख्या मालकाची घाबरगुंडी उडते, कारण प्रियसचे इतका वेळ मूक असलेले इंजिन पायाखाली ॲक्सिलरेटर नसतानाही एकाएकी गुरगुरू लागते. तो बिघाड नव्हे. शक्ती ठेवायला जागा न उरल्याने यंत्रणा पेट्रोल न जाळता नुसते इंजिन फिरवून मोटारीला आवरून धरते. गिअरच्या दांड्यावरील ‘बी’ हे अक्षर अशाच लांब उतारासाठी आहे. ते ॲव्हरेज वाढविण्यासाठी आहे ही समजूत चुकीची, कारण ते ब्रेक तापू नयेत म्हणून आहे. उलट आपल्याकडील जुन्या वहिवाटीप्रमाणे उतारावर न्यूट्रल टाकणारा इसम प्रियसमध्ये दुहेरी नुकसान करून घेतो: न्यूट्रलमध्ये बॅटरी भरत नाही, आणि सारा भार ब्रेकच्या पट्ट्यांवर येतो.

मोकळ्या महामार्गावर हायब्रीड सर्वांत जास्त ॲव्हरेज देते, हेही असेच. संथ एकसारख्या वेगात साधी मोटारसुद्धा फारशी नासाडी करीत नाही, त्यामुळे दोहोंतील अंतर तिथे घटते. ते खरे उघड होते गणपतीच्या आदल्या दिवशी माणगाव-इंदापूरच्या रांगेत, जिथे इतरांची इंजिने उभ्याउभ्या पेट्रोल पितात आणि हिचे निवांत बंद असते. मात्र घरातून महाडच्या बाजारपेठेपर्यंत दीड-दोन किलोमीटर जाऊन परतणाऱ्याची निराशा ठरलेली, कारण थंड इंजिनाला ऊब येण्यातच फेरी संपते. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणाऱ्याला लिटरमागे चौदाऐवजी वीस मिळाले, तर सुमारे २५७ लिटर वाचतात. खरेदीतील जादा रक्कम या वाचलेल्या लिटरांच्या किमतीने भागून पाहावी.

‘हायब्रीड’ या बिल्ल्यानेही फसू नये. २०१५ च्या सियाझमधील एसएचव्हीएस यंत्रणा इंजिनाला हातभार लावते, मोटार एकटीने ओढीत नाही. तिच्याकडून प्रियसची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

बॅटरी चार वर्षांत मरते हा धाक दलालांनी फार वापरला. प्रियसची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी २८ खंडांची असते, आणि जाणता कारागीर निकामी खंड शोधून तेवढाच बदलू शकतो; अर्थात उरलेले खंडही जुनेच असतात, हे विसरू नये. तिचा खरा वैरी धूळ आणि उष्णता. मागच्या आसनाशेजारी एक जाळी असते, तिच्यातून पंखा बॅटरीला हवा पुरवितो. गावाहून परतताना तांदळाची गोणी नेमकी त्या जाळीला टेकवून ठेवणारे पुष्कळ. मुंबईकराची मोटार महिनाभर गावी उभी राहून सुरू होत नाही, तेव्हाही दोष बहुधा मोठ्या बॅटरीचा नसून १२ व्होल्टच्या लहान बॅटरीचा असतो.

राहता राहिली पाण्याची भीती, आणि २२ जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या महाडकरांना ती कोणी हसण्यावारी नेऊ नये. पाण्यात उभी राहिली की मोटार शॉक देते, ही समजूत निराधार आहे: नारिंगी वेष्टनाच्या उच्च दाबाच्या तारा मोटारीच्या सांगाड्यापासून विलग असतात आणि मोटार बंद करताच त्यांचा पुरवठा बॅटरीपाशीच तोडला जातो. धोका वेगळा आहे. ‘रेडी’चा दिवा लागलेला असेपर्यंत गप्प असलेले इंजिन कोणत्याही क्षणी आपण होऊन सुरू होऊ शकते, आणि त्या क्षणी हवेच्या नळीपर्यंत पाणी आलेले असेल तर ते आत ओढून स्वतःला मोडून घेते. बुडालेली मोटार सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा, नारिंगी तारांना हात लावू नये, आणि प्रियस ओढून न्यायची झाल्यास पुढची चाके उचलूनच न्यावी. ती रस्त्यावर फिरली की आतील मोटर फिरते आणि बंद मोटारीतही वीज तयार होऊ लागते.