जागा आहे, पण आकडा मावत नाही

समजा, खांबच्या शाळेतला दहावीचा एक विद्यार्थी आहे. त्यानं पैसे साठवून एका गेमची डीव्हीडी विकत घेतली. पावसाळ्यातली दमट हवा आणि तबकडीवर पडणारे ओरखडे यांची धास्ती म्हणून त्यानं संगणकावर तिची एक प्रत केली. ही प्रत म्हणजे एकच फाइल, ४.७ अब्ज बाइटची. ती पेनड्राइव्हवर घालून रोह्याला काकांकडे सुरक्षित ठेवायची, असा त्याचा बेत. पण संगणक म्हणाला, ‘फाइल फार मोठी आहे.’

तो आपल्याकडे येतो. “सर, पेनड्राइव्ह ३२ जीबीचा आहे, अख्खा रिकामा आहे. बिघडला असेल का?”

आपण काय उत्तर द्याल?

अर्जावरचे चौकोन

पेनड्राइव्ह बिघडलेला नाही. परीक्षेच्या अर्जावर क्रमांकासाठी चारच चौकोन छापले असतील, तर ९९९९ नंतरच्या विद्यार्थ्याचा क्रमांक लिहिता येणार नाही. वर्गात बाक कितीही रिकामे असोत!

पेनड्राइव्हवरही अशी एक नोंदवही असते. तिला फाइल सिस्टीम म्हणतात. बऱ्याच पेनड्राइव्हवर ‘फॅट-३२’ ही पद्धत असते. तीत प्रत्येक फाइलच्या नोंदीत तिची लांबी लिहायला चार बाइट, म्हणजे ३२ बिट राखून ठेवलेले आहेत. प्रत्येक बिटमध्ये ० किंवा १. म्हणून सर्वांत मोठा आकडा २ चा ३२ वा घात वजा १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५. याहून एक बाइटही मोठी फाइल असली, तर तिची लांबी लिहिता येत नाही. फॅट-३२ आली १९९६ मध्ये. तेव्हा घरच्या संगणकाची अख्खी हार्डडिस्कच एक-दोन जीबीची असे. चार चौकोन तेव्हा पुष्कळ होते.

दोन वाटा

पहिली वाट म्हणजे नोंदवहीच बदलायची. ‘एक्सफॅट’ पद्धतीत लांबीसाठी आठ बाइट असतात. पण पद्धत बदलण्यासाठी पेनड्राइव्ह फॉरमॅट करावा लागतो आणि त्यावरचं सगळं जातं. शिवाय प्लेस्टेशन-३ सारखी काही जुनी यंत्रं बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हवर फॅट-३२ च वाचतात.

दुसरी वाट फाइलचे तुकडे करण्याची. सेव्हन-झिपसारख्या मोफत प्रोग्रॅमला २००० एमबीचे तुकडे करायला सांगितलं, तर आपल्या फाइलचे तीन होतील: दोन पूर्ण आणि एक उरलेला. त्यांच्या नावांपुढे ००१, ००२, ००३ असे क्रमांक लागतात. यात काहीही गाळलं जात नाही. लांबलचक रांग ठरावीक ठिकाणी तोडली, एवढंच. मात्र एकटा तुकडा चालत नाही. तिन्ही तुकडे संगणकाच्या डिस्कवर परत जोडावे लागतात. त्या वेळी तुकडे आणि अख्खी फाइल दोन्ही मावतील इतकी जागा लागते.

पोती आणि तुकडे

भात गिरणीत नेताना आपण पोती भरतो. पोत्यांचा क्रम बदलला तरी तांदूळ तोच. फाइलचं तसं नाही. करून पाहा.

कागदाच्या पट्टीवर ४७१८२५३९६ हे अंक लिहा. तिचे तीन-तीन अंकांचे तुकडे कापा. सर्व अंकांची बेरीज ४५. आता दुसरा आणि तिसरा तुकडा अदलाबदल करून जोडा: ४७१३९६८२५. बेरीज पुन्हा ४५! चूक पकडलीच गेली नाही.

आता प्रत्येक अंकाला त्याच्या जागेच्या क्रमांकानं गुणा आणि मग बेरीज करा. मूळ पट्टीची येते २४०, चुकीच्या पट्टीची २३१. जागेला महत्त्व दिलं आणि चूक सापडली.

संगणक हेच फार काटेकोरपणे करतो. ‘शा-२५६’ या रीतीनं कोणत्याही फाइलची ६४ चिन्हांची एक खूण निघते. एक बिट बदलला तरी खूण बदलते. तोडण्याआधीच्या फाइलची खूण लिहून ठेवावी आणि जोडलेल्या फाइलच्या खुणेशी ताडून पाहावी. दोन्ही जुळल्या की प्रत खरी. तोवर मूळ फाइल पुसू नये. तीनपैकी एक तुकडा खराब झाला, तर उरलेल्या दोघांतून गेम उभा राहत नाही.

विद्यार्थ्यांना आणखी एक सांगायला हवं. आपण रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची बचावासाठी प्रत ठेवण्याची मुभा १९५७ चा प्रताधिकार कायदा देतो. ती प्रत मित्रांना वाटण्याची मुभा देत नाही.

हीच युक्ती स्नेहसंमेलनाच्या लांबलचक चित्रीकरणालाही लागू पडते. डीव्हीडी पुन्हा विकत मिळेल; संमेलन पुन्हा होणार नाही. तिथे तर खूण ताडल्याशिवाय मूळ फाइलला हातच लावू नये.

जाता जाता वर्गासाठी एक प्रश्न: लांबी लिहायला चारऐवजी पाच बाइट असते, तर मर्यादा किती पट वाढली असती? सव्वापट असं उत्तर आलं, तर चौकोनांच्या अर्जाकडे पुन्हा वळा.