कानातला बिल्ला आणि मायेचा हात

दसरा-दिवाळी आटोपली की आपल्या पाथर्डी तालुक्यातल्या कितीतरी घरांना कुलूप लागते. भांडीकुंडी, धान्याची पोती, लेकरेबाळे आणि बैलजोडी घेऊन मंडळी ऊसतोडीला कारखान्यांच्या मुलखात जातात. पुढचे पाच-सहा महिने सगळ्या घराचे पोट त्या बैलांच्या खांद्यावर असते. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, आज त्या बैलाच्या कानाविषयी चार शब्द बोलायचे आहेत. मी शेतीखात्याचा माणूस, जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण गावोगाव फिरताना जे पाहिले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझ्या माहितीतल्या एका जोडप्याने हंगामापूर्वी बाजारातून एक बैल घेतला. कानात पिवळा बिल्ला होता. दात पाहिले, चाल पाहिली, रुमालाखाली सौदा झाला, पैसे मोजले आणि बैल घरी आला. बिल्ला आहे म्हणजे झाले, असे त्यांना वाटले. पुढे तळावर एका रात्री दावे तुटले आणि बैल नाहीसा झाला. पाच दिवसांनी तो दुसऱ्या गावात एकाच्या दावणीला सापडला. तो म्हणाला, मी विकत घेतलाय. गडी म्हणाला, बैल माझा, हाक मारली की कान टवकारतो. प्रकरण पोलिसांत गेले. बिल्ल्यावरचा आकडा पाहिला, तर नोंद निघाली तिसऱ्याच्याच नावावर! बाजारात बैल विकणाऱ्या मूळ मालकाच्या. त्याला गावाहून बोलावून आणले, त्याने साक्ष दिली, तेव्हा कुठे बैल सुटला. यात आठ दिवस गेले. गाडी उभी राहिली, पण मुकादमाची उचल काही उभी राहत नाही.

आपले जनावर आपण हजारात ओळखतो, यात शंका नाही. पण परमुलखात आपली ओळख कोण मानणार? मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, तिथे जाणते लोक दात पाहून वय सांगतात. पण दात मालकाचे नाव सांगत नाहीत. ते सांगते कानातला आकडा, आणि तोही नोंद खरी असेल तरच.

बिल्ल्यात असते काय?

बिल्ल्यावर 12 आकडी क्रमांक असतो. देशात दुसऱ्या कुठल्याही जनावराला तोच क्रमांक मिळत नाही. ‘भारत पशुधन’ या सरकारी नोंदवहीत त्या आकड्यापुढे जनावराची जात, वय, लसी, रेतन, मालकाचे नाव आणि गाव लिहिलेले असते. 2019 साली लाळ-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात यांच्याविरुद्ध देशभर लसीकरण सुरू झाले, तेव्हापासून बिल्ल्याचा प्रसार वाढला. 2022 साली लम्पीने राज्यभरचे जनावरांचे बाजार बंद पाडले. कोणत्या जनावराला लस टोचली आणि कोणते राहिले, हे ओळखायला आकडाच उपयोगी पडतो.

2024 च्या जानेवारीत गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान मिळाले, त्यालाही गाईच्या बिल्ल्याची नोंद मागितली होती. 1 जून 2024 पासून बिल्ल्यावाचून जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करू नये, असे राज्य शासनाने ठरवले. विम्याचे तर सूत्रच आहे : बिल्ला नाही, तर दावा नाही.

शहरात आणि परदेशात पाळीव कुत्र्या-मांजरांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप सुईने घालतात. तिच्यात 15 आकडी क्रमांक असतो आणि तो यंत्र फिरवून वाचतात. इंग्लंडात 2016 पासून कुत्र्यांना आणि 2024 पासून मांजरांना ती सक्तीची आहे. काहींना वाटते, चिपमुळे जनावर कुठे आहे ते कळते. तसे नाही. तिच्यात बॅटरी नसते, ती फक्त आकडा सांगते. चिप असो की बिल्ला, आकड्यापुढे नाव जुने असेल तर सारे व्यर्थ.

तेव्हा जनावर घेताना बिल्ल्याचा आकडा मालकाच्या नोंदीशी पडताळून पाहा. घेतल्यावर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन नाव, गाव आणि मोबाइल नंबर बदलून घ्या. विकणाऱ्यानेही नाव उतरवून द्यावे. मोबाइल नंबर बदलला तर तोही कळवा. बिल्ला पडला तर नवा मारून जुन्या नोंदीला जोडून घ्या. आकडा वहीत लिहून ठेवा आणि बिल्ला स्पष्ट दिसेल असा जनावराचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

बिल्ला मारताना

“जनावराला त्रास होतो,” म्हणून काही माउल्या बिल्ला मारू देत नाहीत. त्यांची माया खरी आहे. पण त्रास बिल्ल्यापेक्षा आपल्या धरपकडीचा जास्त होतो. चार गडी ओरडत धावले, वेसणीला हिसका दिला, शेपटी पिरगाळली, की जनावर बिथरते. मग कान फाटतो, माणसालाही लाथ बसते.

गाईला दोन्ही बाजूंचे दिसते, फक्त नेमके पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागून जाऊ नका. खांद्याच्या बाजूने, हाक मारत जा. रोज वैरण घालणाऱ्या माणसानेच डोके धरावे. गळ्याखाली खाजवावे, पुढ्यात मूठभर पेंड ठेवावी. खोडा असेल तर फार चांगले, नसेल तर खुंटाला आखूड बांधावे. काम सकाळी थंड वेळी आणि धार काढून झाल्यावर करावे. भ्यालेली गाय पान्हा चोरते, हे घरच्या बाईला सांगायला नको. बिल्ला शिकलेल्या माणसाकडूनच मारून घ्या. तो कानातल्या ठळक शिरा चुकवून मारतो. मारण्याआधी कान आणि चिमटा जंतुनाशकाने पुसला का, हे आपणही पाहावे.

पुढचे पंधरा दिवस

रोज एकदा कान पाहावा. थोडी सूज दोन-तीन दिवसांत उतरते. जखम ओली दिसली तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात, लिटरला दोन चमचे मीठ टाकून, स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावी. भोवतीने कडुनिंबाचे किंवा करंजाचे तेल लावावे, म्हणजे माश्या बसत नाहीत. जळके तेल, फिनेल, राख असले काही जखमेत भरू नये. पू, दुर्गंधी किंवा अळ्या दिसल्या, किंवा जनावर सारखे डोके झटकू लागले, तर घरगुती उपाय थांबवावेत आणि डॉक्टरांना बोलवावे. 1962 या क्रमांकावर फोन केल्यास फिरत्या दवाखान्याची मदत मिळते. दावणीजवळ तुटकी तार, बाहेर आलेला खिळा किंवा बाभळीची फांदी नसावी. बिल्ला अडकून कान फाटतो तो तिथेच.

राखणीचा कुत्राही तळावर आपल्याबरोबर येतो. त्याला चिप नसली तरी चालेल. गळ्यात सैल पट्टा आणि पट्ट्यावर मोबाइल नंबर असू द्या. रेबीजची लस मात्र दरवर्षी चुकवू नका, कारण तो लेकरांच्या शेजारी झोपतो.

या वर्षी गाडी जुंपण्याआधी एक दिवस मोडा. जोडी दवाखान्यात न्या, लसी पाहून घ्या, आणि दोन्ही कानांतले आकडे मोठ्याने वाचून पुढे कोणाचे नाव निघते ते विचारा. आपलेच निघाले, तर खुशाल निघा. दुसऱ्याचे निघाले, तर ते तिथेच बदलून घ्या. मग परमुलखात अडचण आली, तरी तुमच्या शब्दामागे त्या मुक्या जनावराचा कान उभा राहील.