कॅलगरीत घर घेताय? आधी छपराचं वय विचारा

कॅनडात घर घेणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना छपरावरच्या शिंगल्सची वॉरंटी अनेकदा ३० वर्षं सांगतात. शिंगल्स म्हणजे बारीक खडी चिकटवलेली डांबरी कौलंच म्हणा. कॅलगरीच्या हवेत मात्र ती १५-२० वर्षांतच बदलायची वेळ येऊ शकते. भर हिवाळ्यात तिथे ‘चिनूक’चा उबदार वारा सुटतो, बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो, शिंगल तडकते. वर गारपीट. जून २०२०च्या एकाच गारपिटीत विमा उतरवलेलं नुकसान १ अब्ज डॉलरवर गेलं!

खरी मेख माळ्यावर असते. घरातली ऊब वर गेली की छपरावरचा बर्फ वितळतो, ते पाणी वळचणीला गोठतं आणि मागचं अडलेलं पाणी शिंगलखाली शिरतं. त्यामुळे घर बघायला गेल्यावर पन्हळीत खडी साचलीय का, शिंगलच्या कडा वळल्यात का, एवढं तरी बघावं. माळ्यावर हवा खेळते का, तेही.