पेशीच्या दारावरची लढाई

आयर्लंडच्या दुष्काळाचा इतिहास आपण माणसांच्या बाजूने वाचतो. १८४५ साली तेथील बटाट्यावर करपा पडला आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक व साथींना बळी पडली. त्याहून अधिक देशोधडीला लागली. १८४१ च्या जनगणनेतील सुमारे ८२ लाखांची लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाखांवर आली. त्याच काळात त्या देशातून धान्य जहाजांनी बाहेर जात होते. म्हणून या मृत्यूंचा सारा दोष रोगाच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. तथापि रोग होता, हेही खरे. बटाट्याचे झाड त्याच्यापुढे का हरले, हा प्रश्न इतिहासाचाही आहे.

माणसाच्या रक्तात रोगजंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. झाडाला अशी फिरती फौज नाही. त्याच्या प्रत्येक पेशीला आपल्या जागी, आपल्या बळावर लढावे लागते. आणि शत्रू बहुधा भिंतीबाहेर असल्याने शस्त्रे आत तयार करून भागत नाही, ती बाहेर पोहोचवावी लागतात.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात गॉल्जी संकुलाला पेशीचे ‘स्रावी अंगक’ म्हटलेले असते. आपण ते परीक्षेपुरते पाठ करतो. प्रत्यक्षात हा पुरवठ्याचा मार्ग आहे. आंतर्द्रव्यजालिकेत प्रथिने तयार होतात, गॉल्जी संकुलात त्यांवर संस्कार होतात, मग पटलाच्या इवल्याशा पिशव्यांत भरून ती पेशीच्या कडेकडे निघतात. कडेला पिशवीचे पटल पेशीच्या पटलात मिसळते आणि आतील माल बाहेर पडतो. हे मिसळणे आपोआप घडत नाही. पिशवीवरील व पेशीच्या पटलावरील ठरावीक प्रथिने एकमेकांत पिळा घालून दोन्ही पटलांना जवळ ओढतात. त्यांना ‘स्नेअर’ प्रथिने म्हणतात.

बुरशीचा तंतू भिंत भेदू लागला की पेशी त्याच जागी आतून भर घालते, जणू पडत्या कुडाला लिंपण. या ढिगात कॅलोज नावाची शर्करा असते, सोबत बुरशीला मारक द्रव्येही. २००३ साली सातू आणि अरेबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहान रोपावरील अभ्यासात स्पष्ट झाले की, पटलावरील एक स्नेअर प्रथिन नसेल तर भुरीची बुरशी अधिक वेळा आत शिरते. अरेबिडॉप्सिसमधील त्या प्रथिनाचे नाव पेन-१. सातूवरील भुरी एरवी अरेबिडॉप्सिसवर वाढत नाही. पण हे प्रथिन गेले की तिलाही भिंत भेदणे सोपे जाते.

आता बटाट्याकडे वळू. करप्याचा कारक फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. तो बुरशीसारखा दिसतो, पण खरी बुरशी नव्हे; त्याचे नाते तपकिरी शैवालांशी. दुष्काळाच्या काळात बरेच विद्वान सडण्याचा दोष ओल्या हवेला देत होते. १८४६ मध्ये बर्कली या इंग्रज धर्मोपदेशकाने हा सूक्ष्म जीवच कारण असल्याचे ठामपणे मांडले, तेव्हा त्याला विरोधच अधिक झाला. हा जीव पेशीत बोटासारखी चूषकांगे खुपसतो आणि त्यांतून आपली प्रथिने आत सोडतो. त्यांपैकी एक चूषकांगाभोवतीच गोळा होते. बटाट्याच्या कुळातील झाडे सी-१४ नावाचे प्रथिने तोडणारे विकर बाहेर टाकून प्रतिकार करतात. घुसखोर प्रथिन नेमके या विकराचे त्या जागी बाहेर पडणे रोखते. हे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. कोठारात शस्त्र असते, पण दार अडलेले असते. प्रयोगात झाडाने हे विकर जास्त प्रमाणात निर्माण केले तेव्हा प्रतिकार वाढला, यावरून दारावरच्या या अडवणुकीचे मोल कळते.

मेक्सिकोकडील एका रानबटाट्यात याच घुसखोर प्रथिनाला ओळखणारे जनुक आहे. ओळख पटताच बाधित पेशी स्वतःच मरते, आणि सुरुवातीला जिवंत पेशींवरच पोसणाऱ्या या जीवाची तेथे उपासमार होते. साध्या संकराने हे जनुक लागवडीच्या बटाट्यात आणण्यास नेदरलँड्समधील पैदासकारांना चाळीसहून अधिक वर्षे लागली. बायोनिका आणि टोलुका हे वाण त्यातून आले.