एक बजेट, दोन फोन

नवा फोन आपल्याला आणि जुना आईला, हा आपल्या घराघरांतला अलिखित नियम. पण आईचं पेन्शन आता त्याच फोनवर असतं. मग हा नियम आता बदलायला नको?

मंडळी, एक साधा प्रश्न. तुमच्या आईनं आजपर्यंत किती वेळा नव्या फोनचा बॉक्स स्वतःच्या हातानं उघडलाय?

नीट आठवा. घाई नाही.

बऱ्याच घरांतलं उत्तर 'एकदाही नाही' असंच असेल. कारण आपल्याकडे फोन विकत घेतला जातो एकदाच. पुढे तो वारसाहक्कानं फिरत राहतो. लेकीनं नवा घेतला की तिचा जुना बाबांना, बाबांचा आईला, आईचा गावी मावशीला. शेवटचा मुक्काम टीव्हीखालचा ड्रॉवर! तिथे जुनी सिमकार्डं, गुंता झालेले इअरफोन आणि कुठल्याच फोनला न लागणारे चार्जर यांच्या सोबतीनं तो निवांत पडून राहतो.

नोकिया ११०० च्या जमान्यात या सिस्टिममध्ये काहीच प्रॉब्लेम नव्हता. २००३ मध्ये आलेल्या त्या फोनमध्ये होतं काय? बोलणं, एसएमएस, टॉर्च आणि सापाचा गेम. चौथ्या मालकाच्या हातातही टॉर्च तेवढाच लख्ख! पण २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि फोनचं कामच बदललं. आता तो पर्स आहे, पासबुक आहे, डिजिलॉकरमुळे कागदपत्रांची फाईलही आहे. वापरून जुनी झालेली पर्स आईला द्यायची, तर तिची चेन नीट लागते का, हे आधी बघायला नको?

बत्तीस हजारांचं स्वप्न

माझ्या अपग्रेडची गोष्ट इथूनच सुरू होते. मी फ्रीलान्सर. म्हणजे एक तारखेला पगार वगैरे लाड नाहीत, चेक येईल तेव्हा दिवाळी! २०२० मध्ये घेतलेला माझा फोन दुपारी तीनलाच मान टाकायला लागला होता. इंटरव्ह्यू रेकॉर्ड करायला घ्यावा, तर समोर 'स्टोरेज फुल'. सहा-सात महिने थोडे थोडे पैसे बाजूला टाकून ३२ हजार जमवले आणि एक मॉडेल हेरून ठेवलं. झूम लेन्स, काचेची पाठ, रात्रीचे फोटो तर एकदम कातिल. दुकानात जाऊन तीनदा हाताळूनही आले.

आईला फोन करून सांगितलं. मी पुण्यात, आई साताऱ्याला. पोस्टातून रिटायर झालीय. ती लगेच म्हणाली, "बरं झालं बाई. आता तुझा जुना मला दे. माझा हल्ली फार तापतो."

'माझा' म्हणजे माझाच, त्याच्याही आधीचा. २०१७ चा!

सेटिंग्जमधली एक तारीख

माझा जुना फोन साफसूफ करून तिला द्यायचा म्हणून सेटिंग्ज उघडल्या. 'अबाउट फोन'मध्ये अँड्रॉइडच्या व्हर्जनवर टॅप केलं. तिथे एक ओळ होती : सिक्युरिटी अपडेट, ऑगस्ट २०२३. त्यानंतर काही नाही. शनिवारी साताऱ्याला गेले तेव्हा आईचा फोन बघितला. त्यात नोव्हेंबर २०१९.

आता हा काय फंडा आहे, ते थोडक्यात. अँड्रॉइडमध्ये सापडणाऱ्या त्रुटींची यादी आणि त्यांच्या दुरुस्त्या गुगल २०१५ पासून जाहीर करत आलंय. फोन बनवणाऱ्या कंपन्या त्या दुरुस्त्या आपापल्या फोनपर्यंत पोचवतात. पण कायमच्या नाही. मॉडेल जुनं झालं की कंपनी थांबते. फोन चालू राहतो, व्हॉट्सअ‍ॅप उघडतं, गाणी वाजतात. फक्त त्यानंतर सापडलेली भोकं बुजत नाहीत. वाड्याच्या मागच्या दाराची कडी मोडलीय हे गावभर जाहीर झालंय, आणि सुतार यायचा मात्र बंद झालाय, असा प्रकार!

याचा अर्थ असा फोन उद्याच लुटला जाईल, असं अजिबात नाही. पण एकाच घरात मी दर महिन्याला दुरुस्त होणारा फोन वापरणार आणि आईचं पेन्शन मोडक्या कडीच्या फोनवर? हिशेब काही पटेना.

गंमत म्हणजे आता स्वस्तातल्या फोनांनाही बरीच वर्षं अपडेट मिळू लागलेत. २०२३ मध्ये पिक्सेल ८ आणि २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ आले, तेव्हा सात वर्षांच्या अपडेटच्या घोषणेची चर्चा झाली. पण ते महागडे फोन. मला जास्त भावलं ते २०२४ मध्येच सॅमसंगनं गॅलेक्सी ए१६ ५जी ला सहा वर्षांचं आश्वासन दिलं ते. म्हणजे वीस हजारांच्या आत शोधलं, तर असे फोन सापडतात.

मी शोधले. सहा वर्षं नाही, पण चार वर्षांच्या सिक्युरिटी अपडेटचं आश्वासन असलेला एक फोन १५ हजार ५०० ला मिळत होता. दुकानातल्या दादांना म्हटलं, "दोन द्या. सेम टू सेम." एकतीस हजार गेले. उरलेल्या हजारात दोन कव्हर आणि एक चार्जर. कारण बॉक्समध्ये केबल होती, चार्जर नव्हता!

फर्स्ट इम्प्रेशन : माझं

आधी चांगलं सांगते. स्क्रीन १२० हर्ट्झचा आहे, म्हणजे चित्र सेकंदाला १२० वेळा नव्यानं उमटतं. जुन्या फोनमध्ये हेच ६० वेळा व्हायचं. आकडा वाचून काही वाटत नाही, पण स्क्रोल करताना बोट लोण्यावरून फिरल्यासारखं वाटतं. बॅटरी ५००० एमएएचची. सकाळी सातला काढलेला चार्जर रात्री झोपतानाच आठवतो. पॉवर बँक बॅगेतून कायमची गेली. खांद्याला जाम बरं वाटतंय.

आता वाईट. दिवसा फोटो सही येतात, रात्री मात्र एफसी रोडवरच्या पाट्या रांगोळी पुसल्यासारख्या दिसतात. झूम नावालाच. प्रेस कॉन्फरन्समध्ये शेवटच्या रांगेतून फोटो काढला, तर स्टेजवरच्या पाहुण्यांचा नुसता शर्ट ओळखू येतो. पाठ प्लॅस्टिकची. आणि न मागता दिलेली अ‍ॅप्स किती? मी मोजून १९ काढून टाकली. लॉकस्क्रीनवर जाहिराती यायच्या, त्या सेटिंगमध्ये शोधून बंद केल्या. ते बटण असं लपवलंय, की फराळाचा डबाही कुणी इतका लपवत नसेल!

मैत्रिणींच्या कट्ट्यावर फोन टेबलावर ठेवला, तर एकीनंही उचलून बघितला नाही. थोडंसं लागलं मनाला. खोटं कशाला बोलू?

फर्स्ट इम्प्रेशन : आईचं

आधी तासभर एकच धोशा. "अगं, मला कशाला नवा? मी काय करणार एवढ्या फोनचं?" मग मी तिच्याच फोनमधला महिन्याचा हिशेब वाचून दाखवला. लाइट बिल, गॅस, दूधवाले काका, मंडई, मामाला पाठवलेले औषधांचे पैसे. माझ्यापेक्षा तिची पेमेंट जास्त! त्यावर ती नुसतं "हं" म्हणाली आणि कात्री आणायला गेली. सील तिनंच कापलं.

पहिलं काम, अक्षरं मोठी केली. सेटिंग्जमध्ये फॉन्ट साइझ आणि डिस्प्ले साइझ दोन्ही वाढवता येतात. "चष्मा शोधायचं वाचलं," ही तिची पहिली पसंती.

दुसरं काम फसलं. बाजूच्या बटणावरचा फिंगरप्रिंट सेन्सर तिचं बोट काही घेईना. वयानं आणि कामानं बोटांवरच्या रेषा झिजतात, त्यामुळे ज्येष्ठांच्या बाबतीत हे होतंच. चेहरा दाखवून फोन उघडायची सोय आहे, पण स्वस्त फोनांत ती साध्या कॅमेऱ्यावर चालते, म्हणून तितकी भरवशाची नसते. शेवटी सहा आकडी पिन ठेवला. तो तिनं मलाही सांगितला नाही. शाब्बास!

तिसरी गोष्ट तिला सगळ्यात आवडली. कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोललं की मराठीत टाइप होतं. गुगलनं ही सोय २०१७ मध्येच मराठीसाठी आणली, पण तिच्या जुन्या फोनवर माइक दाबला की फोनच गोठायचा. आता तिनं मैत्रिणीला पाठवलेला पहिला मेसेज बारा ओळींचा होता. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. अगदी ती बोलते तसाच!

आणि चौथी गोष्ट कामाची. नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना २०२१ पासून तो घरबसल्या, फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून देता येतो. बोट उमटत नसलं तरी अडत नाही. येत्या नोव्हेंबरात तो आपण स्वतःच द्यायचा, असं आईनं ठरवलंय.

फोनचा बॉक्स तिनं पावतीसकट कपाटात ठेवला. पोस्टातली बाई, पावती जपणारच.

बदलायचा दिवस

दोन फोन लागोपाठ सेट केल्यावर हे काम पाठच झालं. फोटो आणि कॉन्टॅक्ट केबल लावून जुन्यातून नव्यात येतात. व्हॉट्सअ‍ॅपचे चॅट २०२३ पासून एक क्यूआर कोड स्कॅन करून थेट हलवता येतात. दोन्ही फोन जवळ हवेत आणि जुना चालू हवा. म्हणून जुना फोन विकायची किंवा द्यायची घाई नको.

यूपीआयसाठी बँकेत नोंदवलेलं सिम नव्या फोनमध्ये टाकावं लागतं. अ‍ॅप त्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं आणि हा नंबर या फोनमध्येच आहे, याची खात्री करून घेतं. आईच्या सिमवर एसएमएसचा बॅलन्स नव्हता, तिथे अर्धा तास गेला. आणि एक महत्त्वाचं. फोन बदलल्यावर पहिले २४ तास यूपीआयवर ५००० रुपयांचीच मर्यादा असते. ही सोय आपल्याच भल्यासाठी आहे. कुणी चोरून आपलं खातं दुसऱ्या फोनवर उघडलं, तर त्याला पहिल्याच दिवशी हात मारता येऊ नये म्हणून. पण घरभाडं द्यायच्या दिवशी फोन बदलू नका, एवढंच.

नवा फोन म्हणजे कवचकुंडलं नव्हेत

इथे थोडं सिरिअस बोलू या. बरेच चोर भोकातून शिरतच नाहीत. ते बेल वाजवतात आणि आपणच दार उघडतो. २०२४ च्या अखेरीस लग्नपत्रिकेच्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एपीके फायलींबद्दल पोलिसांनी इशारे दिले होते. पत्रिका म्हणून उघडायला जावं, तर फोनमध्ये अ‍ॅप बसतं आणि ते एसएमएस वाचायला लागतं. लग्नसराईत आईच्या वयाचं कुणीही ती उघडेल. 'डिजिटल अरेस्ट'चे फोनही तसेच. असा प्रकार आपल्या कायद्यात नाही, हे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्येही सांगितलं होतं.

म्हणून आईसोबत अर्धा तास बसले. बाहेरून आलेली अ‍ॅप इन्स्टॉल करायची परवानगी दोन्ही फोनमध्ये बंद केली. पैसे घेताना पिन लागत नाही, फक्त देताना लागतो, हे घोकून घेतलं. आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर तिच्या फोनमध्ये 'अ' लावून सेव्ह केला, म्हणजे यादीत सगळ्यात वर येतो. ही आयडिया तिचीच!

उरलेल्या दोन फोनांचं काय?

२०१७ चा फोन ई-कचऱ्यात दिला. २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या उपकरणांच्या रिसायकलिंगची जबाबदारी कंपन्यांवर आहे, त्यामुळे बऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा वेबसाइटवर त्याची सोय सापडते. कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, आतली बॅटरी पेट घेऊ शकते. २०२० चा फोन रीसेट करून आईच्या स्वयंपाकघरात ठेवलाय. सिम नाही, बँक नाही, गुगल अकाउंट नाही. नुसता अभंग आणि नाट्यसंगीत वाजवतो. या वयात त्यानं तेवढंच करावं.

घेण्याआधी हे बघा

• किती मेगापिक्सेल यासोबत 'अपडेट किती वर्षं?' हेही विचारा. ती वर्षं बहुतेकदा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही.

• घरातला जुना फोन कुणाला द्यायचा असेल, तर आधी त्याची सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. तारीख फार मागची असेल, तर त्यावर बँक नको.

• देताना आधी गुगल अकाउंट काढा, मग रीसेट करा. नाहीतर नवा मालक तुमच्या पासवर्डसाठी अडून बसेल.

• चार्जर बॉक्समध्ये आहे का, ते दुकानातच विचारा.

झूम लेन्सची आठवण मला अजूनही येते. पुढच्या बऱ्याशा चेकनंतर कदाचित पुन्हा दुकानात चक्करही होईल. पण तेव्हाही आधी हिशेब 'घरातले फोन' असाच मांडणार. तुम्ही आज रात्री घरी बोलाल, तेव्हा जेवलीस का, काय केलं होतंस हे सगळं विचारून झालं की एक करा. आईला सेटिंग्ज उघडायला लावा आणि ती तारीख मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा.